गोबरगॅस, सूर्यप्रकाश आणि मिथेनॉल

बीड जिल्ह्यातील शिक्षकांना गोबरगॅसची टाकी नवीन नाही. रोज सुमारे 50 किलो शेण घातले की तिच्यातून साधारण 2 घनमीटर वायू मिळतो. त्यात निम्म्याहून थोडा अधिक मिथेन असतो, बाकीचा बहुतेक कार्बन डायऑक्साइड. पण कुटुंब ऊसतोडीला बाहेर पडले की चूल थंडावते. टाकीत उरलेल्या शेणापासून वायू मात्र होतच राहतो आणि हवेत निसटतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो मिथेन सुमारे 28 किलो कार्बन डायऑक्साइडइतके तापमान वाढवतो.

मग तो साठवून का ठेवू नये? मिथेनचा द्रव करायचा तर उणे 162 अंशांपर्यंत थंड करावा लागतो. मिथेनॉल मात्र साध्या तापमानाला द्रवच असते. रेणूंतला फरक केवळ एका ऑक्सिजन अणूचा! कारखान्यात हा अणू आडवळणाने घालतात. प्रथम 700 अंशांहून अधिक तापमानाला वाफेच्या साहाय्याने मिथेन मोडून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन मिळवतात, नंतर मोठ्या दाबाखाली त्यांचे मिथेनॉल करतात. मिथेनचे थेट रूपांतर करण्याचे प्रयत्न आपल्याकडेही झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. व्ही. आर. चौधरी व सहकाऱ्यांनी 1997 साली झिओलाइट वापरून 400 ते 600 अंशांना मिथेनपासून मोठे हायड्रोकार्बन रेणू मिळवल्याचे 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

हेच काम उन्हाने होईल का? वर्गात हिशेब करून पाहा. मिथेनमधील कार्बन-हायड्रोजन बंध तोडण्यास मोलमागे 439 किलोज्यूल लागतात. ही ऊर्जा 272 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात असते. पण ओझोनच्या थरामुळे 290 नॅनोमीटरहून आखूड किरण जमिनीवर जवळजवळ पोचतच नाहीत. शिवाय मिथेन हा प्रकाश शोषतही नाही. म्हणून मध्यस्थ हवा. तो म्हणजे प्रकाश-उत्प्रेरक.

पांढऱ्या रंगात वापरले जाणारे टिटॅनियम डायऑक्साइड सुमारे 387 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषते. तेव्हा त्यातील एक इलेक्ट्रॉन वर उचलला जातो व त्याच्या जागी धनभारित विवर राहते. हे विवर पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक तयार करू शकते. हा मूलक मिथेनचा एक हायड्रोजन ओढून घेऊन पाणी बनतो. नव्या बंधातून 497 किलोज्यूल मिळतात, जुन्यासाठी 439 खर्च होतात. म्हणून हा सौदा जमतो.

खरी अडचण पुढेच आहे. मिथेनॉलमधील कार्बन-हायड्रोजन बंध मिथेनपेक्षा कमकुवत, सुमारे 402 किलोज्यूलचा. त्यामुळे मूलक तयार मालावरच आधी तुटून पडतो आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड उरतो. प्रक्रिया योग्य पायरीवर थांबवणे हीच कसोटी. 2018 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी टिटॅनियम डायऑक्साइडवर लोहाचे सूक्ष्म कण बसवले. साध्या तापमानाला तीन तासांत 15 टक्के मिथेनचे रूपांतर झाले व त्यातील 90 टक्क्यांहून अधिक मिथेनॉल होते. मात्र त्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरावे लागले, आणि ते फुकट मिळत नाही.

आपल्या टाकीला हे गणित लावू. 2 घनमीटर वायूत सुमारे 45 मोल मिथेन असतो. सर्वच्या सर्व बदलला तरी दीड किलोहून किंचित कमी मिथेनॉल. 15 टक्क्यांच्या हिशेबाने जेमतेम पाव लिटर, तेही पाण्यात मिसळलेले. शिवाय मिथेनच्या ज्वलनातून मोलमागे 890 किलोज्यूल मिळतात, मिथेनॉलपासून 726. म्हणजे जिथे चूल पेटते तिथे गोबरगॅस जाळणेच शहाणपणाचे. नवे तंत्र उपयोगी पडेल ते वाया जाणाऱ्या वायूसाठी. त्याकरिता दृश्य प्रकाशावर चालणारा, पेरॉक्साइडऐवजी हवेतला ऑक्सिजन वापरणारा आणि गोबरगॅसमधील हायड्रोजन सल्फाइडने निकामी न होणारा उत्प्रेरक हवा.

विद्यार्थ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावी: मिथेनॉल विषारी आहे, थोड्या मात्रेतही दृष्टी जाऊ शकते. म्हणून शाळेत हा प्रयोग कागदावरच करावा. बंध-ऊर्जेचा तक्ता, खडू आणि फळा एवढे साहित्य त्याला पुरेसे आहे.