अंकच मिळत नसतील तर वर्तमानपत्रावर संशोधन कसं करायचं? पुण्याच्या ‘दीनबंधू’चं उदाहरण

मागच्या महिन्यात इंदापूरच्या एका विद्यार्थ्याने फोन केला. ‘‘दादा, पीएच.डी.ला ‘दीनबंधू’ घेऊ का?’’ मी विज्ञान शाखेचा, पण संशोधनाचा पहिला प्रश्न सगळीकडे सारखाच असतो. म्हटलं, ‘‘अंक कुठे बघणार?’’ तो गप्प झाला. विषय निवडताना बरेच जण इथेच अडकतात, म्हणून हे उदाहरण नीट बघू.

आधी थोडी पार्श्वभूमी. १२ मे १८७५ रोजी सुप्यात बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर हल्ला केला आणि कर्जाचे कागद जाळले. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा भीमथडीत होतं. दख्खनच्या दंग्यांची सुरुवात ती इथून. पाठोपाठ १८७६-७८ चा दुष्काळ आला. त्या दुष्काळातच, १ जानेवारी १८७७ ला, भांबुर्ड्याच्या (आजचं शिवाजीनगर) कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधू’ हे साप्ताहिक सुरू केलं. ते सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. ज्या शेतकरी-कामकऱ्यांसाठी पत्र काढलं, त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं आणि वर्गणी भरायला पैसाही नव्हता. तीनेक वर्षांत पुण्यातलं पत्र आर्थिक अडचणीत बंद पडलं. १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईहून पुन्हा सुरू केलं.

आता संशोधनाकडे येऊ. ‘केसरी’च्या फायली मिळतात, तशी ‘दीनबंधू’ची सलग फाइल सहज हाती लागत नाही. मग उरतो तो आडमार्ग. ब्रिटिश सरकार देशी वर्तमानपत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी सारांश दर आठवड्याला करून घ्यायचं. मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात हे अहवाल बघता येतात. अनेक संशोधक त्यांच्यावरच उभे आहेत.

पण इथे सावध राहा. मातीचा नमुना चाळणीतून काढला आणि फक्त चाळणीवर राहिलेले खडे तपासले, तर ‘इथली जमीन खडकाळ आहे’ असा निष्कर्ष निघेल. दोष मातीचा नसून चाळणीचा आहे. सरकारी अनुवादकाची चाळणी म्हणजे सरकारला काय कळायला हवं. तक्रार, असंतोष, अधिकाऱ्यांवरची टीका वर राहणार. जाहिराती, वर्गणीच्या नोटिसा, वाचकांची साधी पत्रं खाली गळणार. म्हणून ‘दीनबंधूत अमुक विषय नव्हता’ असं या अहवालांवरून लिहू नका. ‘अहवालात त्याची नोंद नाही’ एवढंच लिहा. वाक्य छोटं होतं, पण व्हायव्हात टिकतं.

दुसरी काळजी म्हणजे पुण्याचा आणि मुंबईचा ‘दीनबंधू’ एकत्र करू नका. नाव तेच, पण संपादक, शहर आणि वाचक वेगळे. लोखंडे गिरणी कामगारांचे पुढारी. महात्मा फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची सुरुवातीची प्रकरणं त्यांनी छापली, पुढची छापली नाहीत आणि फुले त्यावर चिडले. हे कळतं ते फुल्यांच्याच लिखाणातून. म्हणजे अंक हातात नसतानाही संपादक कुठे थांबला हे दिसू शकतं. मात्र हा पुरावा मुंबईच्या काळाचा आहे, भालेकरांच्या माथी तो मारता येत नाही.

मग त्या मित्राला काय सांगितलं? विषय सोडू नको, प्रश्न बदल. ‘दीनबंधूने शेतकऱ्यांबद्दल काय लिहिलं?’ याऐवजी ‘सरकारी अहवालांत दीनबंधूचं काय पोचलं?’ असा प्रश्न घे. याचं उत्तर उपलब्ध कागदांवरून देता येतं. आणि गाईडकडे जाण्याआधी एक दिवस पुराभिलेखागारात घालव. सुप्याच्या लोकांनी जाळलेले रोखे परत मिळणार नाहीत; त्यांच्या बाजूने लिहिणाऱ्या पत्राबद्दल जे उरलंय, ते तरी आपण चुकीचं वाचू नये.

तुमच्या विषयाची चाळणी कोणती, हे आज वहीत एका ओळीत लिहून बघा.