काळीज जाळत नाहीत हो!

‘‘आठ वर्षांच्या पोराचं काळीज जाळायला न्यायचं?’’ नगर जिल्ह्यात, अकोल्यापासून जामखेडपर्यंत कुठेही जा, ॲब्लेशनचं नाव काढलं की घरातला एखादा काका-मामा हे विचारतोच. आणि त्या एका वाक्यावर पुण्या-नाशिकची तारीख रद्द होते.

काळीज कुणी जाळत नाही. काही मुलांच्या हृदयात जन्मतःच विजेच्या वहनाची एक जादा वाट असते. खाली गेलेला संदेश त्या वाटेने परत वर येतो, गोल फिरत राहतो आणि ठोके मिनिटाला 200 किंवा त्याहून वर जातात. ॲब्लेशनमध्ये डॉक्टर जांघेतल्या शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, आत नेतात, विजेच्या नोंदींवरून ती वाट शोधतात आणि तेवढीच उष्णतेने बंद करतात. डाग काही मिलिमीटरचा. छाती उघडत नाहीत, मूल बहुधा दुसऱ्या दिवशी घरी येतं. ‘त्याने हृदय कमजोर होतं’ म्हणणाऱ्यांना काय सांगावं? दिवसच्या दिवस सुसाट धावणारं हृदयच थकून कमजोर होतं!

धोका अजिबात नाही, असं मात्र नाही. ती वाट एव्ही नोडला, म्हणजे हृदयातल्या संदेशाच्या नेहमीच्या वाटेवरच्या गाठीला, चिकटून असेल, तर नोड दुखावून कायमचा पेसमेकर लागू शकतो. म्हणून तिथे बरेचदा गोठवणारा कॅथेटर वापरतात. आधी थोडंच थंड करून बघतात, ठोके बिघडले तर लगेच थांबतात. यशाबद्दल शंका असेल, तर अमेरिकेतल्या बालरुग्णांच्या नोंदवहीचा 2002चा अहवाल पाहा: 1990च्या दशकातच यशाचं प्रमाण सुमारे 90 वरून 95 टक्क्यांवर गेलं होतं.

‘पोराला ब्लॉक झाला का?’ नाही, हा रक्तवाहिनीतला अडथळा नव्हे; स्टेंटचा इथे संबंधच नाही. ‘मोठा झाला की जाईल’ हे तान्ह्या बाळांत पुष्कळदा खरं ठरतं, म्हणून 15 किलोच्या आतल्या मुलांना शक्यतो औषधांवरच ठेवतात. शाळकरी वयात त्या भरवशावर राहू नये. ‘दृष्ट लागली’, ‘परीक्षेचं टेन्शन’? टेन्शनची धडधड हळूहळू चढते-उतरते, ही एकदम सुरू होते नि एकदम थांबते. आणि पैशासाठी जमीन विकायच्या आधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा.

‘ईसीजी नॉर्मल आला, म्हणजे काही नाही’ हा तर डॉक्टरांकडूनही ऐकलेला गैरसमज. धडधड थांबल्यावर काढलेला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. म्हणून धडधड चालू असतानाच जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जा, ईसीजी काढून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. पुढचे डॉक्टर पहिल्यांदा तोच मागतील.