पेशंट सांभाळणाऱ्या मावशीची कंबर

गेल्या महिन्यात मुर्रीची एक बाई माझ्या दवाखान्यात आली. वय पंचेचाळीसच्या आसपास. "डॉक्टरसाहेब, कंबर धरली जी. बसलं तर उठता येत नाही," असे म्हणत ती बाकावर टेकली. धानाची कापणी नुकतीच आटोपली होती, म्हणून मी विचारले, "बांधीत काम करता काय?" ती म्हणाली, "नाही जी, नागपूरला पेशंट सांभाळतो."

मुर्री हे गोंदिया शहराला लागून असलेले गाव. आपल्या भागात बायांच्या हाताला काम मिळते ते रोवणी आणि कापणीच्या दिवसांत. एके काळी विड्या वळून घर चालत असे. तो आधारही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. मग कोणी रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवरच्या नागपूरला जाते. एखादा ब्युरो किंवा ओळखीची बाई घर मिळवून देते. तेथे कोणी तिला मावशी म्हणते, कोणी आयाबाई, तर कोणी सिस्टर. पण एएनएमचे शिक्षण २ वर्षांचे आणि जीएनएमचे ३ वर्षांचे असते व त्यानंतर नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी लागते. या बाईने त्यातले काहीच केलेले नव्हते.

तरीही तिचे काम हलके समजू नका. अर्धांगवायू झालेल्या एका आजोबांना ती आठ महिने सांभाळत होती. दर दोन तासांनी कूस बदलायची, हे तिला कोणीतरी सांगितले होते. रात्रीसुद्धा तिने त्यात खंड पडू दिला नाही. आजोबांच्या पाठीला एकही जखम झाली नाही. तिची स्वतःची कंबर मात्र गेली. कारण आजोबांचे हात आपल्या गळ्यात घालून ती त्यांना एकटीच उचलत असे.

मावशींनो, असे कधीही करू नका. पेशंटखाली चौपदरी चादर घाला आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून त्याला सरकवा. वाकताना कमरेत वाकू नका, गुडघ्यांत वाका. पेशंटला अंगाजवळ घ्या आणि उचलताना कंबर पिळू देऊ नका. कंबरदुखीसोबत पाय बधिर झाला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

औषध लिहून दिले, तरी बाई उठेना. मग हळूच म्हणाली, "एक सुई टोचली होती जी." आजोबांना मधुमेह होता. इन्सुलिन देण्याचे काम घरच्यांनी हिच्यावरच टाकले होते. वापरलेल्या सुईला टोपण लावताना ती बोटात घुसली. तिने बोट पिळून रक्त काढले, हळद लावली आणि गप्प राहिली. सांगितले तर काम जाईल, ही भीती. या गोष्टीला तीन महिने झाले होते.

वापरलेल्या सुईतून एचआयव्ही, कावीळ ब आणि कावीळ क यांची लागण होऊ शकते. त्यातही लस न घेतलेल्या माणसाला कावीळ ब होण्याचा धोका एचआयव्हीपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. सुई टोचली, तर बोट पिळू नका, तोंडात घालू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच मोठ्या शासकीय रुग्णालयात जा. एचआयव्ही टाळण्याची औषधे शक्यतो दोन तासांत सुरू करावी लागतात. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही. वापरलेल्या सुईला टोपण लावू नये. ती जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाकावी.

मी तिच्या तपासण्या करवून घेतल्या. सध्या त्या निर्दोष आहेत, पण सहा महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा कराव्या लागतील. कावीळ ब ची पहिली लस तिला दिली. दुसरी एका महिन्याने आणि तिसरी सहाव्या महिन्यात घ्यायची. पेशंट सांभाळणाऱ्या प्रत्येक बाईने कामाला जाण्यापूर्वीच ही लस सुरू करावी.

दोन गोष्टी आणखी सांगतो. २०२१ साली सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीत १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारांना विनामूल्य नाव घालता येते. आणि कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकाम करणाऱ्या बाईलाही लागू आहे. त्याची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते.

जाताना बाईने विचारले, "सुई देणार नाही म्हटलं आन् काम गेलं तर?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. ते पेशंटच्या घरच्यांकडे आहे. म्हणून ज्यांच्या घरी अशी मावशी आहे, त्यांना माझी विनंती आहे. इन्सुलिन डॉक्टरांकडून शिकून घेऊन स्वतः द्या. सलाईन आणि शिरेतील इंजेक्शनसाठी नोंदणी झालेली परिचारिकाच बोलवा. पेशंटला कोणता आजार आहे, हे मावशीला पहिल्याच दिवशी सांगा. पेशंट उचलताना तिला हात द्या, आणि रात्री सलग सहा-सात तास झोपू द्या. ती आजारी पडली, तर तुमच्या पेशंटची कूस कोण बदलणार?