नवी चेतक, जुनी पारख

जुने नाव घेऊन नव्या घडणीत अवतरलेल्या वस्तूची पारख करताना तिचे चाहते नेमके काय तपासतात, हा प्रश्न पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात जितक्या जवळून अभ्यासता येतो तितका महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच येईल. भोसरीच्या कारखान्यांना लागून आणि आळंदीच्या वाटेवर वसलेल्या दिघीसारख्या उपनगरातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ वाहनांचे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी लहान वर्कशॉप यांच्यावर चालत आला आहे. त्यामुळे येथे गाडीचा शौकीन आणि गाडी घडवणारा कारागीर ही पुष्कळदा एकच व्यक्ती असते. प्रेस शॉपमध्ये पत्रा दाबणारा किंवा टूलरूममध्ये डाय घासून बसवणारा माणूस शोरूममधल्या गाडीजवळ गेला की आधी पॅनेलच्या कडेवरून अंगठा फिरवतो, दोन पॅनेलांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते पाहतो, आणि मगच रंगाबद्दल बोलतो. अशा लोकांचे मत केवळ गतकाळाच्या ओढीतून आलेले आहे असे म्हणून बाजूला सारता येत नाही.

या पट्ट्यातील अशा पारखीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे बजाज चेतक. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्याखाली बजाज ऑटो व्हेस्पा स्कूटर बनवीत असे. १९७१ मध्ये त्या परवान्याची मुदत संपली आणि १९७२ मध्ये जवळपास तीच घडण राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव धारण करून चेतक म्हणून बाजारात आली. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, अशी ही स्कूटर आकुर्डीत तयार होत राहिली आणि चालू शतकाच्या पहिल्या दशकात तिचे उत्पादन थांबले. म्हणजे जिला आज ‘मूळ चेतक’ म्हटले जाते, ती स्वतःच दुसऱ्या एका प्रसिद्ध वस्तूची नव्या नावाने आलेली आवृत्ती होती, आणि चाहत्यांच्या वादात ही गोष्ट सहसा विसरली जाते.

त्या मूळ घडणीमागची कारणे समजून घेतल्याशिवाय पुढची पारख उलगडत नाही. १९४६ मध्ये व्हेस्पाची रचना करणारे कोरादिनो दास्कानियो हे विमानविद्येचे अभियंता होते, आणि मोटरसायकल त्यांना आवडत नसे. साखळी उघडी राहते, कपड्यांना तेल लागते, बसताना पाय उंच टाकावा लागतो आणि चाक काढणे त्रासाचे होते, हे दोष टाळण्यासाठी त्यांनी इंजिन मागच्या चाकालगत झाकून टाकले, पायांसाठी मोकळी जागा ठेवली, गिअर डाव्या मुठीत आणला आणि पुढचे चाक विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूच्या आधारावर बसवले. स्कूटरला वेगळा सांगाडा नव्हता. दाबून घडवलेला पत्राच सगळे वजन पेलत असे, आणि अशा रचनेला मोनोकॉक म्हणतात. चेतकनेही हेच सारे वारशाने घेतले. चाक एका बाजूने मोकळे असल्यामुळे मोटारीच्या चाकाप्रमाणे काही नट सैल केले की ते निघून येई आणि त्या जागी स्टेपनी बसे. चाकाची रिमही दोन अर्ध्या भागांची असल्यामुळे ती खोलून ट्यूब काढणे साध्या पान्यांनी जमत असे. ज्या देशात पंक्चर ही रोजची गोष्ट होती आणि अधिकृत सेवाकेंद्र क्वचितच जवळ असे, त्या देशात या एका सोयीचे मोल फार मोठे होते.

१६ ऑक्टोबर २०१९ रोजी बजाजने विजेवर चालणारी चेतक जगापुढे ठेवली आणि १४ जानेवारी २०२० रोजी ती पुण्यात विक्रीसाठी जाहीर झाली. प्रारंभी पुणे आणि बेंगळुरू या दोनच शहरांत नोंदणी होती, किंमत १ लाख रुपयांपासून पुढे होती, आणि उत्पादन चाकणला होत होते. बॅटरी ३ किलोवॉट-तास क्षमतेची होती आणि काटकसरीच्या ‘इको’ पद्धतीने चालवल्यास एका चार्जिंगमध्ये सुमारे ९५ किलोमीटर अंतर कापता येईल, असे कंपनीने सांगितले. पुढे जून २०२२ मध्ये, ज्या आकुर्डीत जुनी चेतक बनली तेथेच, विजेवरील वाहनांचा नवा कारखाना सुरू झाला. प्रतिस्पर्धी कंपन्या प्लॅस्टिकच्या अंगाकडे वळल्या असताना बजाजने पत्र्याचे अंग राखले, गोलसर बाक राखला, आणि पुढच्या चाकाचा एकाच बाजूचा आधारही राखला. पट्ट्यातील जाणकारांनी या पत्र्याला मनापासून दाद दिली, आणि ती योग्यच होती: खोल बाकाचा पत्रा सुरकुती न पडता, न फाटता दाबणे किती अवघड असते, हे डाय बनवणाऱ्याला सांगावे लागत नाही.

मात्र एकाच बाजूच्या आधाराविषयीचे मत गुंतागुंतीचे आहे आणि थोडे थांबून पाहण्याजोगे आहे. जुन्या गाडीत तो आधार स्टेपनीसाठी अर्थपूर्ण होता; नव्या गाडीला ट्यूबलेस टायर आहेत आणि स्टेपनी नाही. खूण टिकली, पण तिला जन्म देणारी गरज बरीचशी मागे पडली. उलट, गिअर, किक आणि दोन-स्ट्रोक इंजिनाचा आवाज यांच्या अभावाबद्दल जी हळहळ व्यक्त होते, ती समजण्यासारखी असली तरी दोष म्हणून धरता येत नाही, कारण विजेच्या मोटरला पहिल्या फेऱ्यापासूनच पुरेसा जोर मिळतो आणि गिअरची गरजच राहत नाही. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून जाळणाऱ्या इंजिनाचा निळसर धूर हा चेतकचा गुण नव्हता. तो त्या काळाच्या तंत्राची मर्यादा होता.

हीच पारख जगात सर्वांत तपशिलाने जिथे केली जाते, ते क्षेत्र म्हणजे इलेक्ट्रिक गिटार. या वाद्यात पोलादी तारेच्या कंपनाचे रूपांतर विजेच्या क्षीण लहरीत होते आणि ते काम लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याची तार गुंडाळलेला ‘पिकअप’ नावाचा भाग करतो. १९५४ मध्ये आलेल्या फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरला असे तीन पिकअप होते आणि त्यांपैकी एक निवडण्यासाठी तीन जागांचा खटका होता. वादकांनी तो खटका दोन जागांच्या मध्ये अडकवून दोन पिकअपचा मिश्र नाद काढायला सुरुवात केली. १९७७ मध्ये कंपनीने पाच जागांचा खटका बसवून ती युक्तीच अधिकृत केली, आणि अस्सलपणाबद्दल अत्यंत हट्टी असलेल्या चाहत्यांनीही तो बदल सहज स्वीकारला. याच्या उलट घडले ते २०१५ मध्ये. गिब्सन कंपनीने त्या वर्षीच्या बहुतेक अमेरिकी गिटारींना आपोआप सूर जुळवणारी, बॅटरीवर चालणारी यंत्रणा बसवली, मान रुंद केली आणि किमती वाढवल्या. चाहत्यांचा रोष इतका झाला की पुढच्याच वर्षी पारंपरिक घडणीच्या गिटारी पुन्हा वेगळ्या मालिकेत द्याव्या लागल्या. पहिला बदल वादकाच्या हातातून निघाला होता, तर दुसऱ्याने हाताचेच एक काम यंत्राकडे सोपवले; कान आणि बोटे वापरून सूर लावणे हे वादकाच्या लेखी ओझे नव्हतेच.

नावाचा प्रश्नही गिटारीच्या इतिहासात लख्ख दिसतो. लेस पॉल या वादकाच्या नावाने १९५२ पासून विकल्या जाणाऱ्या गिटारीचे अंग गिब्सनने १९६१ मध्ये पूर्ण बदलले, जाड एकशिंगी आकाराऐवजी पातळ दोनशिंगी आकार आणला आणि नाव मात्र तेच ठेवले. १९६३ पर्यंत ते नाव उतरवून नव्या आकाराला एसजी म्हणण्यात आले, आणि १९६८ मध्ये जुना आकार लेस पॉल म्हणून परतला. एसजी आज स्वतःच्या नावाने मानाची गिटार आहे. आकार वाईट नव्हता, नावाने दिलेले वचन त्याने पाळले नव्हते, एवढाच त्या नाराजीचा अर्थ होता.

पिंपरीच्या टाटा मोटर्सने १९९१ मध्ये आणलेली सिएरा या कसोटीवर पाहण्यासारखी आहे. तीन दारे आणि मागच्या बाजूला छतापर्यंत वळत गेलेली मोठी, न उघडणारी काच ही तिची ओळख होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नव्या सिएराला कुटुंबाच्या सोयीसाठी पाच दारे आहेत. साहजिकच मध्ये खांब आले आणि अखंड काचेचा परिणाम काळ्या रंगाच्या आधाराने साधावा लागला. दाराची सोय नाकारण्यात शहाणपण नाही, तरी जी काच एके काळी खरोखर काच होती तिथे आता रंग आहे, हे चाहत्यांचे निरीक्षण बरोबर आहे. बारामतीच्या कारखान्यातून २०१२ पासून येणाऱ्या व्हेस्पाने याबाबतीत अधिक निष्ठा दाखवली: गिअर गेले, इंजिन बदलले, पण वजन पेलणारा पत्रा पत्राच राहिला.

तथापि या सगळ्या चर्चेत जो निकष सर्वांत वजनदार असायला हवा, तो दुरुस्तीचा, आणि पट्ट्यातील कारागीर तो बोलून दाखवतात तेव्हा त्यांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. लिओ फेंडर हे मुळात रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ होते. त्यांनी गिटारीची मान सरसाने न चिकटवता स्क्रूने बसवली, त्यामुळे ती बिघडली तर बदलता येई, आणि त्या वाद्याच्या दीर्घायुष्याचे ते एक मोठे कारण ठरले. जुनी चेतकही कोणत्याही नाक्यावरच्या गॅरेजमध्ये खुली होत असे. तिची क्लचची केबल, प्लग, कार्ब्युरेटरचे जेट यांची नावे घराघरांत माहीत होती, आणि पुण्याच्या जुन्या बाजारात तिचे भाग शोधणारे लोक उत्पादन थांबल्यावरही भेटत राहिले. नव्या चेतकमध्ये मोटरला किती वीज कधी द्यायची हे ठरवणारा कंट्रोलर आणि बॅटरीच्या प्रत्येक घटकावर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते, आणि तिथे मिस्त्रीचा पाना पोहोचत नाही. हे तंत्राचे अपरिहार्य लक्षण आहे असे म्हणून सोडून देणे घाईचे ठरेल, कारण भाग उपलब्ध ठेवणे आणि दोष शोधण्याची साधने गॅरेजवाल्यांना देणे हा तंत्राचा नव्हे, धोरणाचा प्रश्न आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या चेतकच्या ३५ मालिकेने हा प्रश्न अधिक तातडीचा केला आहे. या मालिकेत ३.५ किलोवॉट-तासांची बॅटरी पाय ठेवण्याच्या फळीखाली गेली, सीटखाली ३५ लिटर जागा मोकळी झाली आणि त्यासाठी सांगाडाही नव्याने आखला गेला, पण बाहेरचे रूप इतके जपले की पहिल्या नजरेत फरक सहज जाणवत नाही. रचनेच्या दृष्टीने हा समंजस बदल आहे. परंतु २०२० मध्ये घेतलेल्या गाडीच्या बॅटरीची हमी तीन वर्षे किंवा ५०,००० किलोमीटर एवढीच होती आणि ती मुदत उलटून गेली आहे. आतील मांडणी बदलल्यानंतर त्या पहिल्या गाड्यांसाठी त्यांच्या मापाची बॅटरी पुढे किती वर्षे आणि कोणत्या भावाने मिळत राहील, हे विचारणारे चाहते पत्र्याच्या बाकापेक्षा अधिक महत्त्वाच्या जागी बोट ठेवीत आहेत.