स्ट्रायकरचा विंगर कसा होतो

अनिकेत जाधव कोल्हापूरचा. जन्म १३ जुलै २००० चा. फुटबॉल जिथे पेठेच्या नावाने खेळला जातो, तिथल्या पोराची वाट सहसा ठरलेली असते. आधी तालमीचा छोटा संघ, मग मोठा, मग शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा शिवाजी तरुण मंडळाच्या जर्सीत काही हंगाम आणि पुढे मिळेल ती नोकरी. अनिकेत त्या वाटेला लागलाच नाही. रिक्षाचालकाचा हा मुलगा लहान वयातच घर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. ही राज्य सरकारची निवासी संस्था असल्यामुळे राहणं, जेवण, शाळा आणि सराव यांचा भार घरावर पडत नाही. तिथून तो पुणे एफसीच्या ॲकॅडमीत पोचला. घरच्या पेठेला एक फॉरवर्ड कमी पडला, पण देशाच्या निवड समितीच्या नजरेत येण्यासाठी त्या काळी पुणंच गाठावं लागे.

निपाणीच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. अनिकेतला कुणी स्ट्रायकर म्हणतं, कुणी विंगर. मग तो नक्की कोण? उत्तर एका ओळीत मावणारं नाही, आणि ते एकट्या अनिकेतपुरतंही नाही.

सुरुवातीला तो स्ट्रायकरच होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. भारताचे तिन्ही सामने दिल्लीत होते. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४ अशा हारी पदरी पडल्या. निकाल वाईटच होते, पण त्या संघातल्या पोरांना विखरू न देता भारतीय फुटबॉल महासंघाने त्यांच्याभोवती 'इंडियन ॲरोज' हा संघ उभा केला आणि थेट आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेत उतरवला. पहिला सामना २९ नोव्हेंबर २०१७ ला गोव्यात बांबोळीला झाला. बेळगावच्या माणसाला चोर्ला घाट उतरून सहज गाठता येईल असं हे मैदान. समोर चेन्नई सिटीचा अनुभवी संघ होता. ॲरोजने तो ३-० असा हरवला आणि त्यातले दोन गोल अनिकेतचे होते. हंगाम संपला तेव्हा ॲरोज तळाला होता, हेही सांगायला हवं.

ॲरोजमध्ये एकही परदेशी खेळाडू नव्हता. त्यामुळे गोलसमोरची मधली जागा भारतीय पोरालाच मिळणार होती आणि ती अनिकेतला मिळाली. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, वीस वर्षांखालील संघ स्पेनमधल्या कोतीफ स्पर्धेत अर्जेंटिनाशी खेळला. दुसऱ्या सत्रात अनिकेतला लाल कार्ड मिळालं आणि भारताचे दहाच जण उरले. तरीही भारत २-१ ने जिंकला. गोल दीपक टांगरी आणि अन्वर अलीचे. हरलेल्या संघाचा प्रशिक्षक होता लिओनेल स्कालोनी, ज्याने चार वर्षांनी कतारमध्ये अर्जेंटिनाला विश्वविजेता केलं. भारतीय फुटबॉलच्या त्या गाजलेल्या दिवशी आपला माणूस शेवटची शिट्टी वाजली तेव्हा मैदानाबाहेर होता.

२०१९ मध्ये तो सरावासाठी इंग्लंडला ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये गेला. हा क्लब २०१० पासून पुण्याच्या कुक्कुटपालनातल्या वेंकीजचा आहे. त्याच वर्षी त्याला जमशेदपूर एफसीने घेतलं आणि तो इंडियन सुपर लीगमध्ये आला. इथे मधली जागा स्पेनच्या सर्जिओ कास्तेलची होती, म्हणून अनिकेत कडेला गेला. हैदराबादवर ३-१ ने मिळवलेल्या विजयात दोघांचेही गोल आहेत.

याचं मूळ नियमात आहे. तेव्हा एका वेळी पाच परदेशी खेळाडू मैदानावर उतरवता येत. २०२१-२२ पासून ही संख्या चार झाली. क्लब या जागा संघाच्या कण्यावर खर्च करतात: मधला बचाव, मधली फळी आणि सेंटर फॉरवर्ड. भारतीयांसाठी उरतात त्या दोन्ही कडा, म्हणजे फुलबॅक आणि विंगर. बंगळूरमध्ये व्हेनेझुएलाचा मिकू आला तेव्हा साक्षात सुनील छेत्रीसुद्धा डावीकडे सरकला होता. छेत्रीला जे करावं लागलं ते विशीतल्या पोराला चुकणार नव्हतं.

कडेला जाणं म्हणजे नुसतं चार पावलं सरकणं नव्हे. स्ट्रायकर गोलकडे पाठ करून चेंडू घेतो, त्याची हालचाल थोड्या जागेत असते. विंगरला पाऊणशे मीटरची पट्टी सांभाळायची असते. वर जाऊन क्रॉस टाकायचा आणि चेंडू गेला की आपल्या फुलबॅकच्या मदतीला धावत परतायचं. त्याच्या गोलांची संख्या घटते, आणि गोलच मोजणाऱ्या प्रेक्षकाला पोरगं मागे पडलं असं वाटतं. अनिकेतच्या बाबतीत कोल्हापुरातही ही कुरबुर झाली असेल तर नवल नाही, पण ती न्यायाची नाही.

२०२१ मध्ये तो हैदराबाद एफसीत गेला. पुण्यातला एफसी पुणे सिटी बंद पडल्यावर २०१९ मध्ये लीगमधली त्याची जागा याच क्लबने घेतली होती. तिथली रचना म्हणजे वरच्या हिशेबाचा नमुनाच. मागे हुआनन, मध्ये जुआव व्हिक्टर, पुढे ओगबेचे आणि सिवेरिओ, सगळे परदेशी. कडांना आकाश मिश्रा, आशिष राय, मोहम्मद यासिर, अनिकेत. ओगबेचेने त्या हंगामात १८ गोल केले. असा माणूस मध्ये असताना कडेच्या खेळाडूने काय करायचं, हा प्रश्नच उरत नाही.

महासाथीमुळे तो अख्खा हंगाम गोव्यात झाला. २० मार्च २०२२ ला फातोर्ड्यात हैदराबाद आणि केरळ ब्लास्टर्स यांची अंतिम लढत १-१ अशी सुटली. केरळचा गोल राहुल के. पी.चा, बरोबरीचा गोल गोव्याच्या साहिल ताव्होराचा. पेनल्टीमध्ये गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमनीने तीन फटके अडवले, त्यातला एक जीक्सन सिंगचा, आणि हैदराबाद ३-१ ने विजेता ठरला. राहुल आणि जीक्सन हे दोघेही अनिकेतचे २०१७ च्या विश्वचषकातले जोडीदार.

त्याच महिन्यात बहारीनमध्ये झालेल्या मैत्रीपूर्ण सामन्यांसाठी तेव्हाचा प्रशिक्षक इगोर स्टिमाचने अनिकेतला भारताच्या वरिष्ठ संघात घेतलं, तेही विंगर म्हणून. उन्हाळा सरल्यावर तो ईस्ट बंगालचा झाला. तिथे मधली जागा ब्राझीलच्या क्लेटन सिल्वाची होती.