नौकेच्या पंख्याची पावसाळी निगा

जून महिना उजाडला की कोकण किनाऱ्यावरील मासेमारी थंडावते. सातपाटीपासून मालवणपर्यंतच्या बंदरांतून नौका वाळूवर ओढून घेतल्या जातात आणि झापांनी किंवा ताडपत्रीने शाकारल्या जातात. जाळी दुरुस्त करणे, फळ्या बदलणे, लाकडाला तेल पाजणे ही कामे मग घरोघर सुरू होतात. मात्र वर्षातील बहुतेक काळ पाण्याखाली राहून नौकेला गती देणारा पंखा, त्याचा शाफ्ट आणि लहान होड्यांना लावलेल्या आऊटबोर्ड यंत्राचा खालचा भाग यांच्याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. खवले धरलेला पंखा पाणी नीट कापू शकत नाही. परिणामी, तेवढाच वेग राखण्यासाठी अधिक डिझेल जाळावे लागते. भर समुद्रात पंख्याचे पाते तुटले, तर प्रश्न केवळ खर्चाचा राहत नाही. नौकेवरील माणसांच्या जीविताचाच होतो.

धातू का झिजतो?

समुद्राचे खारे पाणी हे विजेचे चांगले वाहक आहे. त्यात दोन भिन्न धातू एकमेकांना जोडलेल्या स्थितीत बुडाले की एक प्रकारची विद्युतघटमाला तयार होते आणि त्यांपैकी अधिक क्रियाशील धातू झिजू लागतो. कांस्याच्या पंख्याशेजारचे लोखंड किंवा अॅल्युमिनियम लवकर खराब होते, ते याच कारणाने.

या क्रियेवरील उपायाचा शोध जुना आहे. लाकडी युद्धनौकांच्या तळाला ठोकलेला तांब्याचा पत्रा समुद्राच्या पाण्यात झिजत असे. त्यास लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे जोडल्यास तांबे सुरक्षित राहते, असे सर हंफ्री डेव्ही या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८२४ साली दाखवून दिले. तांब्याऐवजी जोडलेला तुकडा झिजत असे. परंतु त्यातून एक नवी अडचण उद्‌भवली. तांब्याचे झिजणे थांबल्यामुळे पाण्यात विरघळणारे विषारी तांबेही थांबले आणि पत्र्यावर शिंपले व शेवाळ वाढू लागले. आजही नौकेच्या तळाशी जस्ताच्या वड्या लावतात त्या याच तत्त्वावर. वडी झिजणे हा दोष नसून तेच तिचे काम होय. ती निम्मी झिजली की बदलावी आणि तिच्यावर रंग कधीही लावू नये. रंगाखाली झाकलेली वडी निरुपयोगी ठरते. खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात जस्तापेक्षा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची वडी अधिक उपयोगी पडते.

पंखा घासण्याची रीत

काम सुरू करण्यापूर्वी यंत्राची किल्ली काढून घ्यावी व बॅटरीची तार सोडवावी. पंख्यावरील कवचधारी जीव वाळून घट्ट होण्यापूर्वीच लाकडी पट्टीने खरवडावेत. नंतर गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढावे. पोलादी तारांचा ब्रश वापरू नये. त्याचे कण मऊ धातूत रुतून बसतात आणि तेथूनच गंज सुरू होतो.

धातू घासण्यासाठी पाण्यात भिजवून वापरावयाचा पॉलिश पेपर घ्यावा. खडबडीतपणा जास्त असल्यास १२० क्रमांकापासून आरंभ करावा व पुढे २२०, ४०० आणि ६०० असे चढत जावे. प्रत्येक वेळी घासण्याची दिशा आडवी-उभी बदलावी. आधीचे ओरखडे पूर्ण नाहीसे झाल्याखेरीज पुढचा क्रमांक घेऊ नये. अखेरीस पॉलिशची लुकण सुती कापडाने चोळावी. ओल्याने घासल्यास धूळ उडत नाही. तरीही नाकावर फडके व डोळ्यांवर चष्मा असावा, कारण जुन्या रंगाची भुकटी प्रकृतीस अपायकारक असते.

पात्यांच्या कडा घासून धारदार करण्याचा मोह टाळावा. सर्व पात्यांचे वजन व आकार सारखे न राहिल्यास पंखा हादरे देऊ लागतो आणि शाफ्ट व बुश यांची झीज वाढते. घासताना पितळी पंख्यावर लालसर, सच्छिद्र डाग दिसल्यास सावध व्हावे. पितळातील जस्त निघून जाऊन मागे पोकळ तांबे उरल्याची ती खूण आहे. असे पाते चकाकले तरी त्यात बळ राहिलेले नसते. त्याची कुशल कारागिराकडून तपासणी करून घ्यावी.

अॅल्युमिनियमची निराळी काळजी

आऊटबोर्ड यंत्राचा खालचा भाग बहुधा अॅल्युमिनियमचा असतो. कांस्याचा पंखा पॉलिश करून तसाच ठेवता येतो. अॅल्युमिनियमला मात्र समुद्रात केवळ चकाकी पुरत नाही. त्यावर रंगाचे कवच हवे. उघडा धातू घासून स्वच्छ केल्यावर हवेने त्यावर थोड्याच वेळात ऑक्साइडचा थर येतो. म्हणून तो कोरडा करून विनाविलंब एपॉक्सी प्रायमर द्यावा व नंतर रंग लावावा. तांबेयुक्त शेवाळरोधक रंग या भागावर लावू नये, कारण तांब्याच्या सान्निध्याने अॅल्युमिनियम पोखरले जाते. आम्लाने धुण्याचा सोपा वाटणारा मार्गही टाळावा.

याच वेळी गिअरपेटीतील तेल पाहावे. ते दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे, असे समजावे. पंख्यामागे शाफ्टभोवती गुंडाळलेला जाळ्याचा धागा तेलाचे सील कापतो, हे त्याचे एक नेहमीचे कारण असते.

या कामास मोठी यंत्रे लागत नाहीत. घरच्या पडवीत, पावसाच्या उघडिपीत, घरातील दोघांनी मिळून ते करता येते. नारळी पौर्णिमेला सागराची पूजा करून नौका पुन्हा पाण्यात लोटली जाते, तेव्हा सजवलेली नाळ सर्वांनाच दिसते. पाण्याखालचा पंखा कोणास दिसत नाही; परंतु घराकडे परत आणणारा तोच असतो, याचे स्मरण मच्छीमार बांधवांनी ठेवावे.