सम, पण विषम आकड्यावर

तबल्यावर वाजणाऱ्या कोणत्याही ठेक्याच्या पहिल्या मात्रेला सम म्हणतात. गणितात मात्र १ ही विषम संख्या आहे. दोन्ही शास्त्रे शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हे खटकते, आणि खटकायलाच हवे.

‘सम’ म्हणजे सारखा, बरोबरीचा. ज्या संख्येचे दोन सारखे वाटे होतात, ती सम. १६ चे ८-८ होतात. १७ चे करू गेल्यास एक उरतो. संगीतातला सारखेपणा वाट्यांचा नव्हे, वेळेचा आहे. गाणे आणि ताल जिथे एकदम येऊन मिळतात, ती सम. ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात गीत व ताल एकाच क्षणी सुरू झाले तर त्याला समग्रह म्हटले आहे. मागेपुढे झाले, तर अतीत किंवा अनागत.

या ग्रंथाचा कर्ता शार्ङ्गदेव तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी होता. विशेष म्हणजे संगीताचा हा पंडित दरबारात हिशेबाचे खाते सांभाळत असे. याच सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने मठ काढला तो पाटण येथे. खानदेशात चाळीसगावजवळ हे गाव आहे आणि तिथला शिलालेख इ. स. १२०७ चा आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) श्रेढीची बेरीज करताना पदांची संख्या सम असेल तर निम्मी करायची आणि विषम असेल तर एक वजा करायचा, अशी रीत दिली आहे. म्हणजे ‘सम’चे दोन्ही अर्थ एकाच राजाच्या आश्रयाला नांदत होते. खानदेशच्या शाळांत हे आवर्जून सांगितले पाहिजे.

हे दोन अर्थ प्रत्यक्ष वादनात एकमेकांना भेटतात. तीनतालाच्या १६ मात्रा संपल्या की सतरावी मात्रा पुन्हा सम असते. मात्रा सलग मोजत गेल्यास सम येते १, १७, ३३, ४९ वर. १६ ने भागून बाकी १ उरते, ती प्रत्येक मात्रा सम. तिहाईचा हिशेबही यावरच बसतो. समेपासून उचललेला ५ मात्रांचा तुकडा तीनदा वाजवला आणि मध्ये दोनदा एकेक मात्रा थांबले, तर १५ आणि २ मिळून १७ होतात. शेवटचा ‘धा’ नेमका समेवर पडतो आणि श्रोत्यांच्या माना आपोआप हलतात.

दहा मात्रांचा झपताल किंवा बारा मात्रांचा एकताल घेतला तरी आवर्तनातल्या मात्रांची संख्या सम असल्याने समेचा आकडा कायम विषमच राहतो. सात मात्रांच्या रूपकात मात्र ती १, ८, १५, २२ अशी येते: एकदा विषम आकड्यावर, एकदा सम आकड्यावर.